गुलाबी शिंगाड्या

चष्मेवाला हल्ली दुपारी झोपतो. जेवण झालं की दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतो, खुर्चीत मान मागे टाकतो आणि बघता बघता घोरायला लागतो. गिऱ्हाईक आलं की मागच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेली त्याची बायको हातातलं काम ठेवून त्याला हलवून उठवते. ती कुरकुरत नाही. या माणसाला बरीच वर्षं धड झोप नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि झोप कशामुळे उडाली होती म्हणाल, तर बोटभर उंचीच्या एका प्लास्टिकच्या राक्षसामुळे. हसायचं असेल तर हसून घ्या. तोही आता हसतो.

तो शाळेत होता तेव्हाची गोष्ट. बादल्या, मग आणि कंगवे बनवणाऱ्या एका कारखान्याने कपडे धुण्याच्या पावडरीच्या पुड्यात घालायला म्हणून खेळण्यांची एक पलटण काढली होती. शिंगाड्या राक्षस, भाला घेतलेली घुबडीण, पंखवाला घोडा, मुकुट घातलेला बेडूकराजा आणि पुढे एक, मागे एक अशा दोन चेहऱ्यांचा जादूगार दोनतोंड्या. कारखान्याने त्यांना नावं दिली नव्हती, ही सगळी पोरांनी ठेवलेली. पुडा फोडल्यावर आत कोण निघेल ते सांगता यायचं नाही. त्यामुळे पोरं आयांच्या मागे लागून धुतलेले कपडे पुन्हा धुवायला लावत, आणि त्या काळात गल्लीतला फाटका माणूससुद्धा पांढराशुभ्र फिरे. पुढे पावडर बंद पडली, कारखान्याला टाळं लागलं, पोरं मोठी झाली आणि पलटण माळ्यांवर, खणांत, बागेच्या मातीत विखुरली. बहुतेक जण तिला विसरून गेले. जे विसरले नाहीत ते जमवणारे झाले.

जमवणाऱ्यांचं डोकं जरा वेगळं चालतं. तुम्हाआम्हाला बेडूकराजा दिसला की बेडूकराजा दिसतो. ते आधी त्याच्या मुकुटाची टोकं मोजतात, कारण साचा झिजल्यावर एक टोक उमटायचं बंद झालं होतं. घुबडिणीचा भाला सरळ की वाकडा, घोड्याच्या पोटाखाली कारखान्याची खूण आहे की नाही, यावरून चांगली संसारी माणसं हमरीतुमरीवर येतात. धड निघालेल्यांपेक्षा बिघडलेल्यांना यांच्यात मान जास्त. आणि बिघडलेल्यांत सगळ्यांत मोठा मान गुलाबी शिंगाड्याचा. एरवी शिंगाडे सगळे दुधी रंगाचे. पण एकदा म्हणे यंत्राच्या तळाशी कंगव्यांचा गुलाबी रंग राहून गेला, आणि यंत्र साफ होईपर्यंत जे थोडे शिंगाडे निघाले ते फिकट गुलाबी निघाले. असा एक शिंगाड्या चष्मेवाल्याच्या दाजींकडे होता.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे. मीटर वाचता वाचता त्यांचा एक डोळा लोकांच्या फळ्यांवर आणि खिडक्यांवर फिरत असे. कुणाच्या तरी न्हाणीघरातल्या खिडकीची फट बुजवायला कोंबलेला गुलाबी शिंगाड्या त्यांनी गोड बोलून सोडवून आणला होता. ओढताना त्याचं एक शिंग तुटलं, पण शिंगही हाती लागलं. दोन्ही त्यांनी कापसात गुंडाळून डबीत ठेवलं होतं.

या दोघांची ओळखच मुळी खेळण्यांवरून झाली. ताईचं लग्न ठरल्यावर दाजी पहिल्यांदा घरी आले ते बसायच्या आधीच फळीवरच्या घुबडिणीपाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की भाला वाकडा आहे. धाकट्या मेव्हण्याने तिथल्या तिथे सांगितलं की पहिल्या साच्यात तो तसाच असतो. झालं, दोघांचं गूळपीठ जमलं ते जमलंच. लग्न माझ्याशी ठरलंय की घुबडिणीशी, असं ताई पुढे कितीतरी वर्षं विचारत राहिली. मेव्हणा तेव्हापासूनच खिशात भिंग घेऊन हिंडायचा, म्हणून दाजींनी त्याचं नाव भिंगू ठेवलं. दाजी जरा हुकूमशहाच होते. सुट्टीच्या दिवशी सकाळी येऊन बसायचे, तुझी मांडणी चुकली आहे म्हणायचे आणि सगळी पलटण आपल्या मनासारखी उभी करून जायचे. ते गेल्यावर भिंगू ती पुन्हा आपल्या मनासारखी लावायचा. दोघंही सुखात होते.

भिंगूची एक गोष्ट मात्र दाजींना माहीत नव्हती. ती कुणालाच माहीत नाही अशी त्याची समजूत होती. त्याला रंग धड दिसत नसत. निळा-पिवळा ठीक, पण लाल, हिरवा, गुलाबी, तपकिरी ही सगळी मंडळी त्याच्या डोळ्यांत एकमेकांत मिसळून जात. चष्म्याच्या दुकानात काम शिकायला लागला तेव्हा मालकाने सहज म्हणून रंगीत ठिपक्यांचं पुस्तक त्याच्यापुढे धरलं. बाकीच्यांना ठिपक्यांत आकडे दिसत होते, याला नुसते ठिपके. त्याने शेजारच्याचं ऐकून आकडे ठोकून दिले आणि वेळ मारून नेली. चष्म्याच्या धंद्यात त्यावाचून काही अडलं नाही. अडायचं ते घरी, खेळण्यांच्या कपाटापाशी. जिथे रंगाच्या एका छटेवरून लोक जीव टाकतात तिथे हा गडी साच्याच्या रेघेवरून, वजनावरून, वासावरून, नखाने टिचकी मारून ओळखायला शिकला. आणि रंगाचीच बात आली की बायकोकडे जायचा. बायको पडदे शिवते, तिच्या खोलीत भिंतभर दोऱ्यांची रिळं. तो खेळणं तिच्यापुढे धरून विचारायचा, "हा कोणता वाटतो तुला? ओळख पाहू." ती सांगायची. तो मास्तरासारखी मान हलवायचा, म्हणजे ती पास झाली. संसारभर तिने अशा परीक्षा दिल्या आणि एकदाही नापास झाली नाही.

दाजींनी गुलाबी शिंगाड्या पहिल्यांदा कापसातून काढून दाखवला तेव्हाही याला तो इतर शिंगाड्यांसारखाच दिसला होता; जुने झालेले दुधी शिंगाडेही कुठे उजळ, कुठे गडद असतातच. पण दाजींचा चेहरा बघून त्याने "वा" म्हटलं, आणि ते अगदी योग्य वेळी पडलं.

मग दाजींनी शिंग बसवायला तो भिंगूकडेच दिला. चष्म्याची बारीक कामं करणाऱ्या हातांना शिंग ते काय अवघड. शिंगाचा कल बरोबर यावा म्हणून त्याने आपला स्वतःचा शिंगाड्या, साधा दुधी, जुना होऊन जरा गडद पडलेला, शेजारी उभा केला. दोघे एकाच साच्यातले, दोघांच्या डाव्या टाचेवर तीच रेघ. मेणात दाबून माप घेताना त्याच्या शिंगाड्याचंही तेच शिंग तुटलं, मग त्याने दोघांच्याही कपाळात बारीक भोक पाडलं, तार घातली. मध्येच एक गिऱ्हाईक चष्म्याची मोडलेली दांडी घेऊन आलं, तेव्हा उठला, ते काम केलं, परत येऊन बसला. बायको त्या दिवशी पडदे पोचवायला गेली होती. संध्याकाळी त्याने शिंगाड्या दाजींच्या हाती दिला. दाजींनी दिव्याखाली शिंग पाहिलं, शेपूट पाहिली, खूश झाले. रंग कशाला बघतील? आपलाच तर होता.

डागडुजी झालेला शिंगाड्या डबीत ठेवणं दाजींना पटेना. त्यांनी दिवाणखान्यात काचेचं नवीन कपाट करून घेतलं, चारी बाजूंनी बघता यावं म्हणून मागे आरसा लावला, लाकडाच्या ठोकळ्यावर शिंगाड्याचे पाय स्वतः डिंकाने पक्के चिकटवले आणि त्याला मधल्या फळीवर उभा केला. समोर मोठी खिडकी. दुपारनंतर सगळं ऊन कपाटावर. येणाऱ्याजाणाऱ्याला ते अभिमानाने दाखवायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नसल्यामुळे सगळे छान म्हणायचे.

अशी दोन-चार वर्षं गेली. मग एक दिवस लांबच्या गावाहून एक जमवणारा मुद्दाम शिंगाड्या बघायला आला. दाजींनी मोठ्या थाटात मेव्हण्यालाही बोलावलं होतं. पाहुण्याने कपाट नीट न्याहाळलं, घुबडिणीचं कौतुक केलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "गुलाबी आत ठेवलाय का?"

दाजींना आधी कळेचना. मग त्यांनी शिंगाड्या बाहेर काढला, खिडकीपाशी नेला आणि त्यांचा चेहरा उतरला. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू कधी कोण नीट बघतं? त्यांनी त्या दिवशी पाहिली. दुधी. अगदी साधा, पुड्यापुड्यात निघायचा तसला दुधी शिंगाड्या. तो घरात आल्यापासून एकाच माणसाच्या हाती गेला होता. दाजी वळले आणि पाहुण्यादेखत म्हणाले, "भिंगू, माझा कुठाय?"

त्याने शपथ घ्यायला हवी होती. ताई त्याच्याकडे बघत होती, ती तर त्याने तोंड उघडायची वाटच बघत होती. पण याच्या डोळ्यांपुढे ती दुपार उभी राहिली. टेबलावर दोन शिंगाडे, एकाच साच्यातले, दोघांचंही शिंग जोडलेलं, त्याला दोन्ही सारखेच दिसणारे, मध्ये उठून गेलेला आपण. आपण कुठला परत दिला, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. खोटी शपथ घ्यायची त्याला हिंमत झाली नाही आणि खरं कारण सांगायची लाज वाटली. तो गप्प बसला. गप्प बसलेला माणूस लोकांना चोर वाटतो, त्यात लोकांचं फारसं चुकत नाही.

पुढे जे झालं ते कुठल्याही घरात होतं तसंच. दाजींनी मेव्हण्याच्या घरची पायरी चढायची सोडली. ताईला त्यांनी अडवलं नाही, पण ती एकटी यायची आणि आली की दोघं बहीणभाऊ हवापाण्याच्या गप्पा मारत बसायचे. भिंगू हे नाव दाजींच्या तोंडून गेलं, 'तो चष्मेवाला' असं ते म्हणू लागले. इकडे चष्मेवाल्याचं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत राहिलं. त्याने आपला शिंगाड्या मधल्या काळात टपालाने एका अनोळखी जमवणाऱ्याला देऊन टाकला होता, बदल्यात पूर्ण मुकुटाचा बेडूकराजा घेतला होता. त्या माणसाने पुढे कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. का लिहिल्या नाहीत? साध्याच्या जागी गुलाबी निघाला म्हणून गुपचूप बसला असेल का? हाच विचार त्याच्या डोक्यात घर करून राहिला. आपण दाजींची सगळ्यांत लाडकी वस्तू आपल्या हाताने टपालात टाकली असेल, ही कल्पना त्याला झोपू देत नसे. आणि नसेल टाकली, तर तेही कळायला मार्ग नव्हता.

दाजींनी चष्मासुद्धा दुसरीकडून करायला सुरुवात केली. रस्त्यात कधी लांबून दिसायचे तर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला असायचा. दाजींचा उजवा कान डाव्यापेक्षा जरा वर आहे, त्या बाजूची दांडी थोडी वेगळी वाकवावी लागते, हे फक्त यालाच माहीत. ते बोटाने चष्मा वर ढकलत आणि चार पावलांवर तो पुन्हा खाली येई. चष्मेवाल्याचे हात शिवशिवायचे. दाजी रस्ता ओलांडून जायचे.

मग या वर्षी एका सकाळी ताई दुकानात आली ती इकडेतिकडे बघतच. पिशवीतून तिने चष्म्याची डबी काढली, डबीतून रुमाल आणि रुमालातून शिंगाड्या. ठोकळ्यासकट, आणि शिंग वेगळं. घराला रंग द्यायला उद्या माणसं येणार म्हणून कपाट रिकामं करताना तिच्या हातून तो पडला होता. दाजी निवृत्त मंडळींच्या सभेला गेले होते, संध्याकाळपर्यंत यायचे नव्हते. हा त्यांचा खरा शिंगाड्या नाही असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत, पण तो कपाटातून हलवूही देत नसत. त्यांना कळायच्या आत चिकटवून दे, एवढंच ताईचं म्हणणं. चिकटवून झाल्यावर जुनं आहे तसं दिसलं पाहिजे. ती बाजार उरकून येते म्हणून गेली.

चष्मेवाल्याने शिंगाड्या दिव्याखाली धरला. ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं, तो त्याच्या हातात तेव्हापासून आज पहिल्यांदा आला होता. शिंग त्याच जुन्या जोडावरून निघालं होतं, तार तशीच, सगळीकडे त्याचाच वाळलेला पिवळट गोंद. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि टोकदार पात्याने गोंद खरवडायला लागला. गोंदाचा एक पापुद्रा निघाला आणि कपाळावर भोकाभोवतीची टिकलीएवढी जागा उघडी पडली. ती जागा बाकीच्या कपाळापेक्षा गडद दिसत होती.

त्याला वाटलं मळ असेल. त्याने स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. गेलं नाही. पुन्हा पुसलं. शिंगाच्या बुडाचा गोंद काढला, तिथेही तसंच. रंग त्याला कळत नाही, पण उजळ आणि गडद यांत त्याची नजर कुणाला हार जायची नाही. तो उठला आणि मागच्या खोलीत गेला.

"हा आतला रंग कोणता वाटतो तुला?" त्याने विचारलं. आवाज मास्तराचा नव्हता.

बायकोने यंत्र थांबवलं, शिंगाड्या खिडकीशी नेला. "गुलाबी," ती म्हणाली.

"आणि बाहेरचा?"

"दुधी."

"नीट बघून सांग. बिघडलं तरी चालेल, पण खरं सांग."

"अहो, नीटच बघितलंय. मला रंग दिसतात. तुम्हाला दिसत नाहीत."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की तो पडद्यांच्या ढिगावर मटकन बसला. कधीपासून माहीत आहे, असं त्याने विचारल्यावर ती हसली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने तिला हौसेने स्वेटर आणला होता, हिरवा म्हणून. तो चक्क विटकरी होता. तिने तो हिरवा म्हणून विरेपर्यंत वापरला. परीक्षांचं काय मग, असं त्याला विचारायचं होतं, पण विचारायची गरज उरली नाही. एवढी वर्षं आपण तिला पास करतोय असं त्याला वाटत होतं, आणि पास मात्र तीच त्याला करत होती.

मग तिने दुरुस्तीला आलेला एक जुना पडदा ओढला आणि खालच्या दुमडीची शिवण उसवली. दुमडीच्या आतलं कापड बाहेरच्यापेक्षा चांगलंच गडद निघालं. एवढं त्यालाही दिसलं.

"हे बघा," ती म्हणाली. "दिवाणखान्याचे पडदे सगळे असेच येतात माझ्याकडे. ऊन बाहेरचा रंग खाऊन टाकतं, दुमडीत पोचत नाही. तुमच्या शिंगाड्याचंही तेच झालंय. गोंदाखाली राहिला तेवढा वाचला. कंगव्याचा रंग तो, कंगवा काय खणात पडलेला असतो. तो उन्हात टिकवायचा विचार कुणी केला असेल?"

म्हणजे हा दाजींचाच होता. पहिल्यापासून. त्याने अदलाबदल केली नव्हती, टपालात गेला तो त्याचा स्वतःचाच साधा शिंगाड्या होता, आणि तो अनोळखी माणूस नुसता आळशी होता. चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा पडला की त्याला रडू आलं. बायकोने त्याला रडू दिलं. मग तोंड धुवून घ्या म्हणाली, ताई येतील.

ताई आली आणि तिने झाला का म्हणून विचारलं. शिंग वेगळंच बघून तिचा पारा चढला. "तुझ्या भरवशावर आणला मी. संध्याकाळी मला फाडून खातील ते. सोप्पं काम होतं तुला."

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ठिपक्यांच्या पुस्तकापासून सुरुवात केली आणि दुमडीपर्यंत आला. ती पिशव्या हातातच धरून उभी होती, भाजीच्या पिशवीचं बूड हळूहळू ओलं होत होतं. त्याचं सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"मग त्या दिवशी गप्प का बसलास?"

"मला माहीतच नव्हतं गं ताई. मला तो गुलाबी कधी दिसलाच नाही. मग माझ्या हातून गेला नाही असं कुठल्या तोंडाने सांगू?"

ताईने पिशव्या खाली ठेवल्या. भावाच्या डोक्यावर एक टपली मारली, लहानपणी मारायची तशी, आणि पदराने डोळे टिपले. मग म्हणाली, "चल. शिंग मी मोडलं ते मी सांगते. तुझं तू सांग."

दाजी सभेहून लवकर परतले होते. सभेत भांडण झालं असणार, बहुतेक त्यांनीच केलेलं. दार उघडून त्यांनी मेव्हण्याला पाहिलं. ताईने उंबऱ्यातच आपला गुन्हा कबूल करून टाकला. दाजींचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते मेव्हण्याच्या हातातल्या डबीकडे बघत होते. आत बसल्यावर चष्मेवाल्याने दाजींना आधी डोळ्यांचं सांगितलं, मग कपाळावरची ती टिकलीएवढी जागा दाखवली, आणि पडद्याच्या दुमडीचंही सांगितलं. बोलताना त्याला आपलाच आवाज अनोळखी वाटत होता, पण एकदा सुरुवात झाल्यावर थांबावंसं वाटलं नाही.

दाजींनी भिंग मागून घेतलं. बराच वेळ बघितलं. चष्मा घसरला, वर ढकलला, पुन्हा बघितलं. "आत तूच रंग भरला नसशील कशावरून?" ते म्हणाले. पण त्या म्हणण्यात जोर नव्हता, नुसती सवय होती.

दाजी शिंगाड्या उलटासुलटा करत राहिले आणि एकदम थांबले. पायाखाली त्यांचा स्वतःचा ठोकळा होता, त्यांनी स्वतः लावलेला डिंक. त्याला त्या दिवसापासून कुणाचा हात लागला नव्हता. ते उठून स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आले. पातं टाचेखाली सरकवलं, थोडं इकडे, थोडं तिकडे. टक् असा आवाज झाला आणि शिंगाड्या ठोकळ्यावरून सुटला. दाजींनी त्याचे तळवे वर केले.

"गुलाबी आहेत रे," ताई मोठ्यांदा म्हणाली. आपल्या भावाला ते दिसणार नाहीत, हे तिच्या लक्षात होतं.

दाजींनी आधी कपाटाकडे पाहिलं, मग आरशाकडे, मग खिडकीकडे. ऊन नेमकं मधल्या फळीवर आलं होतं. ते हळूच खुर्चीत बसले. "म्हणजे मीच घालवला," ते म्हणाले. "सगळ्यांना दिसावा म्हणून उन्हात उभा केला."

ताई चहा टाकायला गेली. दाजींनी विचारलं, "तुला खरंच दिसत नव्हता तो? मग मी पहिल्यांदा दाखवला तेव्हा 'वा' कशाला म्हणालास?"

"तुम्ही एवढे खूश होतात. म्हणावंसं वाटलं."

दाजींनी मान डोलावली. माफी मागायची त्यांना सवय नव्हती आणि ती त्यांच्याकडून कुणाला हवीही नव्हती. शिंग चिकटवून देऊ का, असं चष्मेवाल्याने विचारलं, तर नको म्हणाले. तसंच राहू दे, आतला दिसू दे. त्यांनी शिंगाड्याला शिंगासकट जुन्या डबीत कापसावर ठेवलं आणि झाकण लावलं.

मग त्यांनी नाकावरचा चष्मा काढला, दोन्ही दांड्या मिटल्या आणि मेव्हण्यापुढे धरला.

"भिंगू, हा घसरतो रे. कुणालाच जमलं नाही."

चष्मेवाला स्वयंपाकघरात गेला. चहाच्या भांड्याच्या वाफेवर त्याने उजवी दांडी धरली, ती मऊ झाली तशी कानामागे बसेल इतकी अंगठ्याने वाकवली, निवू दिली. परत येऊन त्याने दाजींच्या कानांवर दांड्या अलगद सरकवल्या आणि एक पाऊल मागे होऊन पाहिलं. दाजींनी मान खाली घातली, वर केली, पुन्हा खाली घातली. चष्मा जागेवर राहिला.